दाढेचं निमित्त

"अहो मावशी, पाय! पाय आवरा!"

शिकवणाऱ्या मॅडम ओरडल्या तेव्हा ते इवलंसं दोन खुर्च्यांचं विमान धावपट्टीकडे जाता जाता पुन्हा एकदा गचका खाऊन थांबलं होतं.

चूक म्हणावी तर मावशींची होती, म्हणावी तर नव्हती. जमिनीवर विमान पायांनी वळवायचं असतं. उजवीकडे जायचं तर उजवा पाय रेटायचा, डावीकडे जायचं तर डावा. काम एवढंच. पण चवडा दाबला की ब्रेक लागतो, आणि मावशींची उभी हयात गेलेली शिलाई मशीनच्या पायट्यावर. पुढ्यात काही घरघरायला लागलं की पायांची चवडा-टाच, चवडा-टाच आपोआप सुरू. पायांना कोण सांगणार की बाबांनो, आज शिवायचं नाही, उडायचंय!

"टाचा खाली टेकवून ठेवा," मॅडम हसत म्हणाल्या. पोरगी लेकीच्या वयाची, पण कामात पक्की.

"सवयच मेली तसली," मावशी ओशाळून म्हणाल्या.

उड्डाण शिकवणाऱ्या या क्लबातल्या विमानांच्या खुर्च्यांना मावशींनी नवी कव्हरं शिवून दिली होती. मापं घ्यायला त्या खुर्चीत बसल्या आणि माप विसरून समोरच्या काचेतून बघतच राहिल्या, हे मॅडमनी हेरलं. "एकदा या सकाळच्या. पहिला धडा मी देते," त्या म्हणाल्या. मावशी नको नको म्हणाल्या, आणि नको म्हणता म्हणता दिवससुद्धा ठरवून आल्या.

घरी मात्र सांगितलं, उजवीकडची दाढ काढायला जातेय.

खोटं बोलायचं कारण घरातच पडून होतं. मावशींचे यजमान, गल्लीत सगळ्यांचे काका, बस चालवायचे. लग्न झाल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "तुला एकदा विमानात बसवतो की नाही बघ. खिडकीची जागा तुझी. पण बसायचं ते दोघांनी." तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. त्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं की तुम्ही पडून राहा, मी जाऊन येते?

विमान एकदाचं जमीन सोडून वर गेलं. कान गच्च झाले. मग मॅडमनी समोरच्या दांड्यावरून दोन्ही हात काढून वर केले. "घ्या, आता तुमच्याकडे."

"माझ्याकडे? अगं बाई, वेड लागलं का तुला!"

"दांडा आवळू नका. अलगद धरा."

अलगद धरणं मावशींना ठाऊक होतं. रेशमी कापड मशीनखाली ओढायचं नसतं, नुसता हात ठेवायचा असतो. त्यांनी तसाच हात ठेवला आणि विमान सरळ चालू लागलं. जरा डावीकडे झुकवलं, तर सगळं जग गपगुमान झुकलं. मावशी खदखदा हसल्या. इतकं हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"तुमचं घर सापडतंय का बघा," मॅडम म्हणाल्या.

पाण्याची टाकी दिसली. तिच्यामागे निळ्या पत्र्याचं छप्पर दिसलं. आणि मावशींच्या काळजात चर्र झालं. त्या पत्र्याखाली काका एका कुशीवर पडले होते. विमान उडाल्यापासून त्यांची एकदाही आठवण आली नव्हती. एकदाही!

"उतरायचं आता?" मॅडमनी विचारलं.

"आणखी थोडा वेळ," मावशींच्या तोंडून निघून गेलं.

छप्पर दिसल्यावरही आपल्याला खाली जावंसं वाटलं नाही, हे काही केल्या मनातून जाईना. काकांनी जन्मभर दोघांसाठी राखून ठेवलेलं आपण एकटीनं चोरून खाल्लं, असं वाटत राहिलं.

गल्लीच्या तोंडाशी मावशींनी गालात कापसाचा बोळा कोंबला, तो मनाशी पक्कं ठरवूनच. चारचौघांत शोभा नको, पण घरात पाऊल टाकलं की खरं सांगून टाकायचं. मग काकांनी बोलणं टाकलं तरी चालेल.

काकांजवळ बसवून ठेवलेली नणंद दारातच उभी होती. "निघाली का गं वहिनी दाढ? लवकर आत ये बाई, दादानं सकाळपासून डोकं खाल्लंय माझं. आली का, रक्त थांबलं का!"

काका उशांना टेकून बसले होते. मांडीवर वाटी, वाटीत दुधात कुस्करलेला पाव. निम्मं दूध चादरीवर सांडलेलं.

"त्यानंच कुस्करलाय," नणंद म्हणाली. "मला हात लावू देईना."

मावशींनी बोळा काढून पदरात बांधला आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. "अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"बोलू... नको," काका एकेक शब्द ओढत म्हणाले. "रक्त... येईल. आ कर."

झटका आल्यापासून त्यांनी चमचा हातात धरला नव्हता. डावा हात चांगला होता, पण सांडतं म्हणून लाज वाटायची. भरवतानाही भिंतीकडे तोंड करायचे. आता तोच डावा हात चमचा घेऊन लटलटत मावशींच्या तोंडाकडे येत होता. काकांनी श्वास रोखला होता, सगळं लक्ष चमच्यावर. नणंद पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

सांगायचं तर हीच वेळ होती. मावशींनी तोंड उघडलं.

घास आत गेला. थोडं दूध हनुवटीवर ओघळलं, ते काकांनी मनगटानं पुसलं.

"उजवीकडे... नेऊ नको," ते म्हणाले. "दुखेल."

मावशींनी मान हलवली आणि तो घास डाव्या बाजूनं, सांगितल्यासारखा, सावकाश चावला. तोवर काकांनी दुसरा चमचा भरायला घेतला होता.