शांतवनचे टोले

"कोन गेलं?" रंगुबाईनं चर्चच्या दारातूनच विचारलं. हातात दुधाची चरवी तशीच होती.

"मी," शांतवन म्हणाला. घंटेचा दोर त्यानं सोडला नाही.

रंगुबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मग हितं काय करताय, भावजी?"

"वाजवायला दुसरं कोन हाय?"

ती चरवी घेऊन आत आली.

बेलापूरच्या पुढं उसाच्या मधोमध हे दगडी चर्च उभं आहे. गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती घराचा बाप्तिस्मा, लग्न आणि शेवट याच छताखाली झाला. मग घरं पुण्याला गेली. नाताळला मंडळी गाडीतून येतात, आजोबांना ज्यात न्हाऊ घातलं त्या दगडी कुंडापाशी फोटो काढतात आणि जेवायच्या आत परततात. फादर रविवारी मोटरसायकलवर येतात. एरवी आत देव आणि शांतवन. दोघंही फारसं बोलत नाहीत.

कुणी गेलं की शांतवन टोले देई. एक टोला, मग मनात 'हे आमच्या स्वर्गीय बापा' पूर्ण म्हणायचं, मगच दुसरा. बायको मार्था गेली तेव्हाही त्यानंच दिले. परवा रविवारच्या प्रार्थनेसाठी दोर ओढताना छातीत कळ आली आणि लक्षात आलं, आपल्या वेळी घंटा गप्प राहणार. म्हणून आज आपले टोले त्यानं आधीच उरकून घेतले.

रंगुबाईशिवाय कुणी आलं नाही. एक शेळी आली, पण ती रंगुबाईचीच होती. तेवढ्यात मोबाईल वाजला. पुण्याहून सुनील, त्याचा मुलगा. गावात ख्रिस्ती एकटा शांतवनच उरलेला, त्यामुळं गेलं कोण हे कुणीतरी बसल्या जागी ओळखून त्याला कळवलं होतं. वाजवतंय कोण, हा विचार मात्र कुणी केला नव्हता.

"पप्पा, तुम्ही गेलात म्हणे?"

"न्हाई अजून."

"मग ठीक आहे. सुट्टी टाकली होती, कॅन्सल करतो."

"कर."

फोन खिशात गेला. रंगुबाईनं चरवी खाली ठेवली. "दोर द्या हिकडं. मला शिकवा."

तिनं धडाधड ओढला.

"वहिनी, असं वाजवलं तर लोक आहेर घिऊन येतील."

"येतील तर खरं. तुमची प्रार्थना मला येत न्हाई."

"मनात काय बी म्हना. तेवढा वेळ गेला पायजे."

तिनं एक टोला दिला. ओठ हलत राहिले. मग दुसरा. मधलं अंतर अगदी बरोबर पडलं.

"काय म्हनलात?"

"शांतवन भावजी लई सरळ मानूस. मार्थाबाईनं माझा पितळी खलबत्ता नेला, तो भावजींनी अजून दिला न्हाई. मी वेलदोडे कशात कुटू? देवा, त्यांना सुखात ठेव, आन् खलबत्त्याचं बी बघ."

"जमलं," शांतवन म्हणाला. "वाजवत ऱ्हावा. मी घरून ऐकतो. लांबून कदी ऐकलीच न्हाई."

कुलपं लागलेल्या घरांवरून तो चालत गेला. मागून टोला आला. त्यानं टोपी काढली. उसावरून आवाज विरत गेला, अख्खी तक्रार म्हणून झाली, मग दुसरा आला.

घरी त्यानं खाटेखालून खलबत्ता काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि द्यायला निघाला. उंबऱ्यात थांबला.

हा दिला तर मधल्या वेळात ती काय म्हणणार?

त्यानं खलबत्ता परत खाटेखाली सरकवला, आणि पुढच्या टोल्याची वाट बघत बसला.