थांबवून ठेवलेला खेळ

रुडिकच्या पत्राला कुआनिशने कधीच उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र लहानसंच होतं. जर्मनीतल्या शाळेत पोरं त्याला रशियन म्हणून चिडवतात, बलखाशच्या तळ्यातल्यासारखे मासे तिकडे मिळत नाहीत, आणि शेवटी एक ओळ : ‘खेळ अजून चालू आहे ना? तेवढं कळव.’

त्या वर्षी बलखाश गावातली, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेली जर्मन घरं एकेक करून जर्मनीला निघत होती, रिकामी होत होती. शेजारच्या रुडिकच्या आईनेही सामान बांधलं. व्हिडिओ गेमचा डबा रुडिकचा. पण ट्रंकेत त्याला जागा उरली नाही. त्या स्वस्त डब्यात खेळ साठवायची सोय नव्हती. बंद केला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गावातली सगळी पोरं खेळ मध्येच थांबवत, टीव्ही विझवत आणि डबा तसाच चालू ठेवून झोपायला जात. निघायच्या सकाळी रुडिकने कुआनिशच्या घरी खेळातले दोघांचे रणगाडे असेच थांबवून ठेवले.

“मी येईपर्यंत बंद करायचं नाही. भाकरीची शपथ घे!”

कुआनिशने घेतली. त्याच संध्याकाळी वीज गेली. तेव्हा ती वरचेवर जायची, पण ते दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

हे लिहायचं कसं? आपण लिहीत नाही तोवर तिकडे रुडिकचा खेळ चालू आहे, असं त्याला वाटत राहिलं. पुढे बातमी आली, रुडिक नदीत बुडाला. मग तर कुआनिशने त्याचं नावही तोंडातून काढलं नाही.

आता त्याची मुलगी मेरुएर्त, ते दोघे तेव्हा होते त्या वयाची झाली होती. एका शुक्रवारी तिने बाल्कनीतल्या अडगळीतून तो पिवळा पडलेला डबा ओढून काढला. कशीबशी जोडणी केली, आणि चालू झाला की! कुआनिशच्या हाताने सवयीने दोन खेळाडूंचा खेळ निवडला.

पिवळा रणगाडा धावू लागला. हिरवा, रुडिकचा, जागच्या जागी उभा.

“बाबा, आपला किल्ला सोडून त्याच्याकडे काय पळतोस? हरशील!”

“तो एकटा आहे.”

“तिथे कोणीच नाहीये!” तिने दुसरी जॉयस्टिक उचलायला हात पुढे केला.

“हात लावू नकोस!”

स्वयंपाकघरातला झारा थांबला. त्याची बायको बाल्झान पिठाच्या हातानेच दारात आली. “पोरीवर ओरडतोस, तेही या डबड्यापायी? कोण बसलंय तिथे, भूत?”

मघाशी हिरव्याने किंचित तोंड वळवलं, असं कुआनिशला वाटलं होतं. ते बायकोला काय सांगणार?

जेवायला बसले. तेलात तळलेल्या सात पोळ्या मध्ये ठेवल्या होत्या. शुक्रवारी त्या गेलेल्या माणसांच्या नावाने असतात. ओंजळ धरून बाल्झानने आपल्या वडिलांचं नाव घेतलं, मग कुआनिशच्या आईवडिलांचं.

“अजून कोणी?” तिने नेहमीसारखं विचारलं.

“रुडिक,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“हे तर जर्मन नाव,” मेरुएर्त कुजबुजली. “आपल्या धर्माचा नसला तरी चालतं?”

“भूक काय जात विचारून लागते?” बाल्झान म्हणाली. मग नवऱ्याकडे पाहून हळूच, “इतकी वर्षं उपाशी ठेवलंस की रे त्याला.”



जेवण झाल्यावर कुआनिश टीव्हीसमोर गेला. खेळ त्याने थांबवून ठेवला होता. हिरवा तिथेच होता, वाट बघत. त्याने खटका दाबून डबा बंद केला, मग टीव्ही. काळ्या काचेत दोन चेहरे दिसतील अशी त्याला भीती होती. एकच दिसला.

मग त्याने लिहिलं : ‘रुडिक, तू गेलास त्याच संध्याकाळी वीज गेली. खेळ तेव्हाच संपला. मी सांगितलं नाही.’ पाकिटावर रुडिकच्या आईचं, एमामावशीचं नाव घातलं. ती अजून रुडिकच्या पत्रावरच्या पत्त्यावरच राहते म्हणे. वाचायचं की नाही, ते तिने ठरवावं.

टपाल कचेरीतल्या बाईने पाकीट उलटसुलट केलं. “जर्मनीला पत्र? फोन उचलत नाहीत की काय तिकडे?”

“नाही उचलत.”

“माणसं बदलतात हो तिकडे जाऊन,” ती म्हणाली. तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.