काट्यावर तोललेली बाई

सकाळी दहालाच गल्ली भरली होती. गच्च्यांवर माणसं, कुंपणावर माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा एका जुन्या निळ्या मोटारीकडे. मोटार माझ्या दाजींची. साठ वर्षांची, पण त्यांनी ती जिवापाड जपली होती. वर्षापूर्वी तिला पॉलिश करता करताच छातीत कळ येऊन ते गेले. आता त्यांचा आत्मा म्हणे डॅशबोर्डवरच्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरमध्ये येऊन राहिला होता. एवढं ऐसपैस घर सोडून बशीपेक्षाही लहान मीटरमध्ये!

हा शोध काटेबाबाचा, आणि काटेबाबाला शोधून आणलं माझ्या ताईच्या दिरानं. बाबा अनवाणी पायांनी मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा. इंजिन चालू करायचं आणि एकेकानं पुढे ड्रायव्हरच्या जागी बसायचं. माणूस निष्पाप असेल तर काटा उभा, पापी असेल तर शून्यावर आडवा. आतापर्यंत अख्खी गल्ली निष्पाप निघाली होती, दुधात पाणी घालणारा दूधवालासुद्धा. पापी निघाली एकटी ताई, आणि तीही दोन वेळा. दादाला हिनंच काहीतरी चारलं, असं दीर उघड बोलू लागला. वीस वर्षांपासूनची शेजारीण ताईला पाहून दार लावून घेऊ लागली. तिसऱ्यांदा काटा पडला तर ताईनं घर दिराला देऊन नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडायचं, असं चारचौघांत ठरलं होतं.

ती तिसरी वेळ आज होती. मी ताईचा धाकटा भाऊ. जुन्या मोटारी दुरुस्त करणं हा माझा धंदा. गर्दीत हाताची घडी घालून उभा होतो आणि मला बाबा आणि दीर, दोघांचंही वाटोळं करायचं होतं. उगाच सज्जनपणाचा आव आणत नाही.

संशय मला मागच्या रविवारीच आला होता. तेलाचा दाब खरोखर शून्यावर गेला तर इंजिन काही मिनिटांत खडखडायला लागतं आणि मग जाम होतं. हे इंजिन मात्र काटा आडवा असताना छान गुरगुरत होतं. त्यात बाबाची जीभ घसरली. डोळे फिरवून तो म्हणाला, "काट्याला अर्थ मिळत नाही. अर्थ तुटलाय!" लोकांनी माना डोलावल्या, त्यांना त्यात वेदान्त दिसला. मी मात्र चमकलो. बोलण्याचा अर्थ लागतो, कळतो, निघतो. तो तुटत नाही. तुटतो तो आमच्या धंद्यातला अर्थ, म्हणजे वीज ज्या वाटेनं गाडीच्या लोखंडातून परत जाते ती वाट. हा साधुपुरुष कधीकाळी मोटारींच्या वायरी जोडून पोट भरत होता तर!

काल दुपारी दीर त्याला जेवायला घेऊन गेला, तेव्हा ताईनं मला फाटक उघडून दिलं. आधी मी माझं स्वतःचं मीटर थेट इंजिनाला नळीनं जोडलं. त्याला वायर लागतच नाही. दाब उत्तम होता, म्हणजे तेल ठीक होतं आणि खोटं बोलत होतं ते डॅशबोर्डवरचं मीटर. त्या मीटरला दाबाची खबर देणारा एक पितळी भाग इंजिनात आट्यांनी बसतो आणि आट्यांमधूनच त्याला अर्थ मिळतो. तो काढला तर आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप, चांगले सात-आठ वेढे, म्हणजे अर्थ तुटलेला. गळती थांबवायला नवशिके ही चूक करतात आणि मग काटा का हलत नाही म्हणून डोकं खाजवतात. इथे ती मुद्दाम केली होती. त्या भागावरून एक बारीक वायर निघाली होती, ती थेट मागच्या सीटपुढच्या गालिच्याखाली एका बटणाला. बटण दाबलं की वायर गाडीच्या लोखंडाला जोडली जायची आणि अर्थ परत मिळायचा. बाबाच्या पायाचा अंगठा खाली, काटा वर. अंगठा वर, काटा खाली.

आत्ताच लोकांना बोलवू, ताई म्हणाली. मी नको म्हटलं. होतं तसं सगळं परत बसवलं.

तर आज इंजिन सुरू झालं आणि बाबा मागे बसायला निघाला, तेव्हा मी हात जोडून पुढे झालो. "बाबा, आपल्याइतका निष्पाप इथं कोण आहे? आज आधी आपण पुढे बसा. खरी निष्पापता कशी दिसते ते आम्हालाही कळू दे."

आम्ही फक्त साक्षी असतो, वगैरे बाबानं सुरू केलं. पण गर्दीला कल्पना फार आवडली आणि त्याला जवळजवळ उचलूनच पुढे बसवलं. मागे बटणावर कोणीच नव्हतं. काटा शून्यावर आडवा पडला तो पडलाच. बाबानं मीटरच्या काचेवर टिचकी मारून पाहिली, घाम पुसला. दिराची पाचावर धारण बसली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग शेजारीण ओरडली, "काट्यानं खरं सांगितलं, हाच पापी!" दोघांनी बाबाची गचांडी धरली, तिसऱ्यानं हात उगारला. मी त्याला अडवलं नाही. पण ताई गर्दीतून वाट काढत आली आणि मध्ये उभी राहिली.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "काटा पडला म्हणून हा पापी असेल, तर माझ्यावर तो दोनदा पडलाय. मग मी कोण?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बॉनेट उघड."

माझी मलाच लाज वाटली. माणसं बदलली होती, काटा तोच राहिला होता. मी बॉनेट उघडलं, टेप दाखवली, वायर दाखवली, गालिचा उचलून बटण दाखवलं. तरी ताईचं समाधान होईना. तिला तोलायला जे जे आले होते, त्या प्रत्येकानं मागे बसून बटण दाबायचं आणि आपल्या तोंडानं म्हणायचं: काटा माझ्या पायानं हलला. रांग लागली. दूधवाल्यानं म्हटलं, शेजारणीनं मान खाली घालून म्हटलं. वायर कोणी टाकायला लावली, हे बाबानं न विचारता सांगितलं.

शेवटी दीर उरला. "बसा भावजी," ताई म्हणाली. "दाबा." त्यानं दाबलं, म्हटलं, आणि मग पाय धरायला वाकला. ताईनं पाय मागे घेतले. त्याच दिवशी पोलिसांत तक्रार गेली, दोघांच्या नावानं. मी स्वतः सोबत गेलो, पावलोपावली खूश होत.

काट्याला फार तर तेलाचा दाब कळतो, माणसाचं मन कळत नाही. एखाद्या वस्तूच्या तोंडून कोणी तुमच्या माणसावर आळ घेतला, तर हात जोडायच्या आधी ती वस्तू उघडून बघा. न जमलं तर ज्याला उघडता येते त्याला बोलवा.

दुसऱ्या दिवशी शेजारीण रडत माफी मागायला आली. ताईनं तिला आत घेतलं नाही. दारातच विचारलं, "वीस वर्षं शेजारी राहिलात. काट्याला विचारायच्या आधी मला का नाही विचारलंत?"

शेजारीण डोळे पुसत परत गेली. तुमच्याकडे याचं उत्तर आहे?