एक आडवी रेघ

प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. नऊ वर्षं बाटल्या घासून राठ झालेल्या तिच्या हातांना आज परीक्षेचा कागद बघून घाम फुटला होता. सहायकाची एकच जागा, आणि वयाची अट बघता तिची ही शेवटचीच संधी. हुकली की रिटायर होईपर्यंत ती आणि ती मोरी.

शेवटचं गणित होतं, १.८ ग्रॅम पाण्यात रेणू किती? अठरा ग्रॅमचा एक मोल, म्हणजे हा मोलचा दहावा भाग. इथवर ठीक. मग घाईघाईत तिने त्याला एका मोलमधल्या रेणूंच्या अगडबंब आकड्याने, म्हणजे सहावर तेवीस शून्यांनी, भागलं आणि मोकळी झाली.

"पाच मिनिटं राहिली," मुख्य केमिस्ट साहेब म्हणाले.

तिने उत्तर पुन्हा वाचलं. दशांशचिन्हापुढे नुसती शून्यांची रांग. एवढ्या पाण्यात धड एक रेणूसुद्धा नाही? लेकीने महिनाभर डोकेफोड करून सांगितलं होतं, "आई, मोल म्हणजे तुझं बाटल्यांचं खोकं समज." खोक्यात चोवीस बाटल्या. अर्ध्या खोक्यात किती, असं विचारलं तर कोण शहाणी चोवीसने भागेल? गुणायचं होतं गं बाई, गुणायचं.

शेजारचा उमेदवार आपली चूक गिरवून गिरवून काळी करत होता. तिलाही वाटलं, तसंच करावं, कुणाला दिसायला नको. पण हात वळेना. तिने चुकीवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही केली, तारीख टाकली. मग लिहिलं, सहावर बावीस शून्यं.

साहेबांनी तिथेच कागद तपासायला घेतले. तिच्या कागदावर ते बराच वेळ थांबले.

"हे कोणी शिकवलं?"

"गणित होय? लेकीने."

"गणित नाही. ही रेघ, ही सही."

"कोणीच नाही, साहेब. नऊ वर्षं तुमची टेबलं पुसतेय, वह्या उघड्याच असतात. तुम्ही चूक झाकलेली कधी दिसली नाही."

साहेबांनी शेजारचा कागद उचलला, त्यावरचा काळा डाग उजेडात धरून पाहिला आणि कागद बाजूला ठेवून दिला.

"पंचाईत झाली, मावशी," ते म्हणाले. "आता बाटल्या धुवायला बाई कुठून आणायची?"