झडपेची शिवण

जाळी शिवण्यात या धक्क्यावर माझा हात धरणारं कोणी नाही. बढाई मारत नाही; बढाई मारायला तोंडच राहिलेलं नाही मला.

कोळंबीच्या जाळ्याला कासवाची झडप लावायचा कायदा आला, तेव्हा सगळे बोटवाले बोंबलत माझ्या शेडमध्ये आले. जाळ्याच्या मधोमध लोखंडी गजांची चौकट आणि तिच्यावर झडप. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव अडतं आणि झडप ढकलून सुटतं. झडप नसेल तर परदेशी गिऱ्हाईक मालाला हात लावत नाही. पण तिच्यातून कासवामागोमाग मालही निसटतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

"ताई, तूच काहीतरी अक्कल लढव," माझा धाकटा भाऊ म्हणाला. घरात दोन लेकरं, बोट नवीकोरी.

मी लढवली. झडप बंद करणारी साखळी टाक्याची शिवण घातली आणि दोऱ्याचं टोक बाहेरच्या अंगाला सोडलं. तपासणीची बोट दिसली की टोक ओढायचं, एका झटक्यात झडप मोकळी. आतून मात्र ती सुटत नाही, एकेक टाका तोडावा लागतो.

"ताई, तू भलतीच चालू निघालीस!" भाऊ पोट धरून हसला. महिन्याभरात सगळ्या बोटींवर माझीच शिवण.

तपासणीचा साहेब भला माणूस. मला म्हणायचा, "मावशी, कासवालाही श्वासासाठी वर यावं लागतं हो. कोंडलं की बुडून मरतं, आपल्यासारखंच."

"मग त्यालाच सांगा ना, लोकांच्या जाळ्यात शिरू नकोस म्हणून," मी म्हटलं. अख्खा धक्का हसला. माझं मेलीचं तोंडच तसं. किनाऱ्याला मेलेली कासवं लागायला लागली, तेव्हा मी त्या वाटेनं जायचं सोडलं.

मग एक दिवस भावाच्या बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं. इंजिन बंद करून, सुरी घेऊन तो पाण्यात उतरला. पंखा मोकळा झाला, पण पाण्याच्या ओढीनं भाऊ जाळ्याच्या तोंडातून आत गेला, थेट गजांपर्यंत. सुरी केव्हाच हातून सुटली होती. जाळं वर घेईपर्यंत सगळं संपलं होतं. जाळ्यात गुरफटला, असं खलाशांनी सांगितलं. मीही तेच सांगितलं.

महिना झाला, ते जाळं माझ्या शेडमध्ये टांगलेलं आहे. भर दुपारी धक्का पेंगत असतो, तेव्हा त्यातून आवाज येतो. धप. जरा थांबून पुन्हा धप. आधी वाटलं वारा असेल, पण वारा पडलेला होता. मी मान खाली घालून सुई चालवत राहते. आत भाऊ आहे की कासव, कळत नाही. दोघांनी सारखंच ढकललं असणार.

काल भावजय आली. "वन्सं, बोट चालवायला माणूस मिळालाय. पण झडप शिवलेली हवी म्हणतो. द्या ना शिवून. पोरांची तोंडं बघवत नाहीत."

"नाही शिवणार."

"का? सगळ्या गावाला शिवून देता, आम्हीच काय घोडं मारलंय तुमचं?" तिला रडू फुटलं. "राहू दे, दुसरीकडून घेते शिवून." ती रागानं ते टांगलेलं जाळं ओढायला गेली आणि तिची बोटं झडपेवर थांबली.

"ही तर शिवलेलीच आहे."

मी सुई खाली ठेवली.

"आणि आतल्या अंगानं अकरा टाके तुटलेत. कासवानं तोडले?"

"कासवाला बोटं कुठे असतात?" मी म्हटलं.

ती जाळ्याशी खाली बसली. तुटलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मला वाटलं, आता उठून माझ्या झिंज्या धरेल. धरल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच मारला त्याला, याच हातांनी.

"दोऱ्याचं टोक कुठे?"

"बाहेरच्या अंगाला. उजव्या कोपऱ्यात."

तिनं ते चाचपून शोधलं आणि ओढलं. उरलेली सगळी शिवण सरकन उसवली. झडप सुटून गजांवर आपटली. धप. तोच आवाज.

हातातल्या दोऱ्याकडे बघत ती म्हणाली, "एवढंच होतं, वन्सं?"