सातव्या सीटवरचा आइसबॉक्स

मित्रांनो, मी एक जुना निळा आइसबॉक्स आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. डब्याला कसलं आलंय डोकं, असं म्हणाल. पण ज्याला झाकण असतं त्याला डोकंही असतं, असं आम्ही डबे मानतो. माझं झाकण तर दोनदा तुटून पुन्हा जोडलेलं आहे, त्यामुळे माझा राग जरा जास्तच आहे.

माझा जन्म सौदी अरबस्तानात, दमामजवळच्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये भरलेला फेस, बाजूला दोन कड्या आणि पाणी सोडायला तळाशी एक बूच, एवढाच माझा संसार. दुकानात मी बरेच दिवस बादल्या आणि घमेल्यांच्या संगतीत काढले. तिथून मला जाफरभाईंनी उचललं. जाफरभाई मूळचे दापोलीकडचे. जुबैलच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे नोकरी, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. कोकणातल्या माणसाला मासळीशिवाय करमत नाही, म्हणून ते सुट्टीच्या दिवशी रास तनुराच्या किनाऱ्याला गळ टाकायला जात आणि मला बरोबर नेत. मासे मिळत थोडे, गप्पा जास्त, आणि परत येताना माझी लाज राखायला बाजारातून सुरमई विकत घेतली जाई.

पुढे कारखान्यातही माझी बढती झाली. भर उन्हाळ्यात दुरुस्तीचं मोठं काम निघालं की जाफरभाई मला बर्फ आणि ताकाच्या बाटल्यांनी भरून साइटवर नेत. तापलेल्या पाइपांमधून काळीठिक्कर होऊन माणसं येत, माझं झाकण उघडत आणि आत तोंड घालून उभी राहत. जाफरभाईंचे सुपरवायझर शशिकांत एकदा म्हणाले होते, "जाफरभाई, प्रमोशन खरं तर या डब्याला द्यायला हवं." ती माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी. त्यानंतर कंपनीने साइटवर पाण्याचं मशीन बसवलं आणि माझी रवानगी घराच्या बाल्कनीत झाली. माझ्यात जुन्या चपला, तुटकी छत्री आणि वाळूने भरलेले फुटबॉलचे बूट येऊन पडले.

ते बूट उमैरचे. उमैर हा जाफरभाईंचा मुलगा. इथल्याच एका खासगी कॉलेजात शिकतो आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात बचावफळीत खेळतो. त्याची आई हफीजा. मुलाचा एकही सामना तिने कधी पाहिलेला नव्हता. कॉलेजच्या मैदानावर घरच्या बायकामाणसांना बसायला जागाच नव्हती. ती बाल्कनीत माझ्याशेजारी बसून त्याची जर्सी चोळायची आणि गवताचे डाग बघून पुटपुटायची, "आज लय पडलाय वाटतं."

अशात एके दिवशी उमैर धावत घरी आला. शेवटच्या वर्षातला शेवटचा सामना होता, तोही दुसऱ्यांच्या मैदानावर, हुफूफच्या कॉलेजात. आणि तिथे कुटुंबांसाठी वेगळा स्टँड होता.

"अम्मी, फॅमिली अलाउड आहे. तू येणार. प्रॉमिस?"

हफीजाने ओल्या हातानेच त्याच्या गालाला हात लावला. म्हणाली, "येनार म्हंजे? येनारच." यानंतर उमैर शिकायला पुण्याला जाणार हे घरात सर्वांना ठाऊक होतं. म्हणजे हा सामना चुकला तर चुकलाच.

मित्रांनो, गोष्ट इथेच संपायला हवी होती. नवरा, बायको, लेक इफरा, आणि सात जणांची गाडी. उमैर संघाच्या बसने जाणार. सकाळी निघायचं, सामना बघायचा, परत यायचं. यात योजना करण्यासारखं काय आहे, सांगा पाहू! पण जाफरभाई पडले कोकणातले. चार माणसांना विचारल्याशिवाय ते बाजारात भाजीलासुद्धा जात नाहीत, आणि विचारल्यावर कोणाला 'नाही' म्हणणं त्यांच्या रक्तात नाही.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर घरात बैठक बसली. शशिकांत आणि त्यांची पत्नी अर्चना येणार असं ठरलं. अर्चना इथल्या इस्पितळात नर्स आहे. मग जाफरभाईंचा चुलतभाऊ हम्माद आला आणि म्हणाला, "मीपण येतो, आणि माझा रूममेट आर्यन येईल. त्याला फुटबॉल समजतो." आर्यनला फुटबॉल समजतो ही आमच्या सहलीची मोठी गरज होती जणू! जाफरभाई म्हणाले, "यल्ला, चला, या सगळे!" आणि लगेच फोनवर 'चलो हुफूफ' नावाचा ग्रुप काढला. त्यात सगळ्यांना घेतलं. हफीजाला घ्यायचं राहून गेलं. ती त्या वेळी आत चहा करत होती.

तेव्हापासून माझं डोकं तापायला सुरुवात झाली. त्या ग्रुपवर सामन्याबद्दल एक अक्षर नव्हतं. होतं ते सगळं जेवणाबद्दल. हम्मादला बिर्याणी हवी होती. आर्यनला बिर्याणीबरोबर खिमा पॅटिस हवे होते. मधेच सामना शुक्रवारचा शनिवारवर गेला आणि शशिकांतांनी कळवलं की ते शनिवारी मटण खात नाहीत, त्यांच्यासाठी बटाटेवडे झाले तर बरं. अर्चना बिचारी म्हणाली, "वडे मी करते." पण तिला शुक्रवारी रात्रपाळी होती. म्हणून वडेही हफीजाकडे आले. घावणे हवेत हे कोणाला सुचलं ते मला कळलं नाही, पण कोणीच त्यांना नको म्हटलं नाही. हे सगळं हफीजाला इफरा फोन बघून सांगायची, आणि हफीजा मान हलवून तांदूळ भिजत घालायची.

आणखी ऐका. जुबैलहून कोणी हुफूफला चाललंय ही बातमी आमच्या लोकांत वाऱ्यासारखी पसरते. कोणी सुक्या बोंबलांची पिशवी आणून दिली, हुफूफच्या मेहुण्याला द्यायला. कोणी तांदळाचं पीठ दिलं. परत येताना खजूर आणा, म्हणून तिघांनी रिकाम्या पेट्या दिल्या. जाफरभाई प्रत्येकाला "का नाही, का नाही" म्हणत गेले. सगळ्यांचं सामान मोजलं गेलं, पण गाडी मात्र कोणी मोजली नाही. या माणसांचं हे असंच असतं. पाहुणा आणि पार्सल कधी जास्त होतच नाहीत, अशी त्यांची समजूत.

आणि मग माझी आठवण झाली. चपला, छत्री, बूट बाहेर पडले, इफराने मला साबणाने घासलं. सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला. आम्ही आइसबॉक्स जसं थंड ठेवतो तसंच गरमही ठेवतो. शनिवारी सकाळी बिर्याणीचं पातेलं जुन्या टॉवेलांत गुंडाळून माझ्या पोटात बसवलं, वर वड्यांचा डबा, वर घावण्यांची चळत. हफीजा पहाटेपासून उभी होती. शेवटी तिने अंघोळ केली, नवा अबाया घातला, पर्स घेतली आणि खाली आली. पर्समध्ये तिने काय ठेवलं होतं माहीत आहे? उमैरच्या कॉलेजचा छोटा झेंडा. इफराने कागदाचा करून दिला होता.

खाली गाडीभोवती सगळे जमले होते. मागची सामानाची जागा चटया, घडीच्या खुर्च्या, बोंबील, पीठ आणि खजुराच्या पेट्यांनी भरून गेली होती. मी तिथे मावेना. मला पायांपाशी ठेवून पाहिलं, मी अडकलो. हम्मादने मला लाथ मारून सरकवून पाहिलं. मांडीवर घ्यायला आर्यन तयार झाला, पण मी बसताच ओरडला, "अरे, पाय मोडतील!" मग सगळे सीटा मोजू लागले. मी एका सीटवर बसणार आणि ती सीट कोणाची, एवढंच ठरायचं होतं.

"जा तुमी," हफीजा म्हणाली. "मी राहते घरी."

"छे छे, असं कसं, ताई?" शशिकांत म्हणाले.

"भाबी, नको, नको," हम्माद म्हणाला.

अर्चना रात्रपाळी करून आलेली, खिडकीला डोकं टेकून केव्हाच झोपली होती. इफरा अजून वर होती, कुलूप लावायला गेली होती. बाकीचे "नको, नको" म्हणत एकेक करून आपापल्या जागी बसले. तिथे माझा संताप झाला, मित्रांनो! एकही माणूस उतरला नाही. जाफरभाई खालमानेने म्हणाले, "पुढच्या वेळी नक्की नेतो तुला." पुढची वेळ नव्हती हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी मला खिडकीजवळच्या सीटवर ठेवलं आणि बिर्याणी कलंडू नये म्हणून माझ्यावरून सीटबेल्ट ओढून खट्कन लावला.

मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. पण मला होतं फक्त बूच.

तेवढ्यात इफरा खाली आली, मला पाहून जिन्यातच थांबली. "अम्मी कुठे बसणार?" हफीजा खिडकीतून आत बघत होती. माझ्या पोटावरचा तो काळा पट्टा तिने पाहिला आणि ती हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने खट्कन दार उघडलं.

"पट्टा लावलात? डब्याला?"

"अगं, जेवण सांडेल म्हणून..." जाफरभाई म्हणाले.

"सांडूं दे. उचला ह्याला."

"आणि मग खाणार काय सगळे?"

"हुफूफला हॉटेलं नायत? जेवन मी रोज करते. माझा पोरगा रोज खेळत नाय. ऐकलात काय? उचला."

जाफरभाई उतरले. शशिकांतही उतरले. दोघांनी माझ्या कड्या धरल्या आणि मला जिन्याशी नेऊन ठेवलं. हफीजाने इमारतीच्या रखवालदाराला हाक मारली, "भाई, बिर्यानी है. अपने लोगों को बुलाओ, गरम गरम खा लेना." आणि ती माझ्या जागेवर, म्हणजे तिच्याच जागेवर, जाऊन बसली. इफराने तिला बेल्ट लावून दिला. गाडी निघाली तेव्हा हम्माद वळून वळून माझ्याकडे बघत होता. त्याचं लक्ष बिर्याणीत होतं.

आमच्या जातीला मागे टाकून गेलं की आम्ही रडतो, असं तुम्ही अशा आत्मकथांमध्ये नेहमी वाचता. मी रडलो नाही. रखवालदार आणि त्याचे सोबती माझ्याभोवती बसून पोटभर जेवले, आणि मी उन्हात एकटा पडलो तरी मला कसलंच दुःख झालं नाही.

सामना कसा झाला ते मला विचारू नका, मी गेलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हफीजा मला बाल्कनीत धूत होती आणि कानाला फोन लावून गावाकडच्या बहिणीशी, अमिरुन्निसाशी बोलत होती. "हरले गो," ती सांगत होती. "गोल नाय मारला त्यानं. एकदा तर असा जोरात पडला, माझा जीव खाली-वर. पन उठायच्या आदी त्यानं स्टँडमदी बघितलंन. मी हात केला. मगच उठला." नळ तसाच चालू राहिला आणि मी काठोकाठ भरलो.

तर मित्रांनो, घरातल्या वस्तूंची निगा राखा. मला धुवा, पुसा, बूच काढून उलटा वाळत ठेवा, मी अजून वर्षानुवर्षं तुमच्या उपयोगी पडेन. पण कुठेही निघताना गाडीत एक जागा कमी पडली आणि कोणी हळूच म्हणालं, "जा तुम्ही, मी राहते," तर तिला बसवा आणि मला उतरवा. मला अजिबात वाईट वाटणार नाही.