फिलोमीन आजीचा मानलेला मुलगा

आमच्या चेअरमनला फोटोत शोभेल अशी म्हातारी हवी होती. शब्द त्याचेच. मी फक्त त्याच्या शब्दांना बरे कपडे घालून बाहेर पाठवते. जमातीच्या सरकारात मी जनसंपर्क अधिकारी आहे, म्हणजे चेअरमन रॉइस जे काही करतो ते भल्यासाठीच करतो, असं लोकांना सांगायचं. रॉइस माझा मावसभाऊ. आम्ही लकोटा, अमेरिकेतले मूळचे लोक; आमच्यात मावसभाऊ सख्खाच धरतात, त्यामुळे नोकरीवर लाथ मारायचीही सोय नाही.

त्या वर्षी आमच्याकडच्या अँब्युलन्सचा ठेका हॉल्वरसन नावाच्या माणसाच्या कंपनीला मिळाला होता. रॉइसच्या डोक्यात आलं, त्याला हुंका करून घ्यायचं. हुंका म्हणजे मानलेलं नातं. पण एकदा केसात गरुडाचं पीस बांधलं की ते रक्ताच्या नात्याहून घट्ट असतं, आणि ते सोडायचा विधी आमच्याकडे नाही.

"दादा, पाहुण्यांना देतो ती मानाची चांदणीची गोधडी दे, टाळ्या वाजव आणि वाटेला लाव की त्याला," मी म्हणाले.

"गोधड्या त्याला सगळेच देतात. आई कुणी दिलेली नाही."

ओढ्याकडच्या वस्तीवर फिलोमीन आजी एकटी राहायची. तिचा एकुलता एक मुलगा नदीत बुडून गेलेला. रॉइस स्वतः तिच्याकडे गेला, मी बरोबर होते. तिने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बोलावलं तर येणारा आहे का?"

"एका फोनवर येईल, आजी," रॉइस म्हणाला.

उन्हाळ्यातल्या नाचाच्या मेळाव्यात तिने त्याच्या केसांत पीस बांधलं. हॉल्वरसन रडला, आणि खोटं कशाला बोलू, मनापासून रडला. आजीने त्याच्या नावाने अख्ख्या मेळाव्याला जेवण घातलं. लोक उरलेलं मटण डब्यांत भरून घरी घेऊन गेले. फोटो सगळीकडे छापून आला. ख्रिसमसला त्याने तिला पेअरची पेटी पाठवली. ओढ्यावरच्या घराघरांत ती एकेक पेअर देत फिरली. "माझ्या मुलाने पाठवलेत," म्हणायची. मला बघवत नव्हतं.

जानेवारीत कंपनीने ओढ्यावरची अँब्युलन्स उचलून गावात नेली. तिथून फोन कमी येतात, परवडत नाही, असं कारण दिलं. पत्रकात मी त्याला 'सेवेची फेररचना' असं नाव दिलं. मग एका सकाळी शाळेच्या बसचा ड्रायव्हर डेल्मर स्वयंपाकघरात कोसळला. गावातून गाडी बर्फातून वाट काढत येईपर्यंत त्याची बायको टेस त्याची छाती दाबत बसली होती. गाडी आली तेव्हा तो गार पडला होता. पत्रकात मी 'तीव्र दुःख' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आजी कुणाच्या तरी ट्रकमधून ऑफिसात आली. अंगावरचा कोट न काढताच म्हणाली, "माझ्या मुलाला फोन लाव."

मी स्पीकरवर लावला. बऱ्याच वेळाने तो स्वतः बोलायला आला.

"फिलोमीन! किती बरं वाटलं तुमचा आवाज ऐकून!"

"आई म्हण."

"हो, आई. हो हो."

"डेल्मरला शाळेच्या जिममध्ये ठेवलंय. दोन दिवस आम्ही त्याच्याजवळ बसणार. तू ये, टेसच्या शेजारी बस. काही बोलू नकोस, माफी मागू नकोस. नुसता बस. सूप मी करते."

तो वकिलांविषयी काहीतरी बोलला. आजीला ते नीट कळलं नाही. मला कळलं, तो येणार नव्हता. जिममध्ये फुलांची टोपली आली, तिच्यावर कंपनीच्या नावाची पट्टी होती. आजीने आपल्या बाजूची खुर्ची त्याच्यासाठी धरून ठेवली होती. कुणी बसायला आलं की म्हणायची, "माझा मुलगा येतोय." गर्दीतली माणसं भिंतीला टेकून उभी राहिली, पण त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. एखाद्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोराने घराण्याच्या तोंडाला काळं फासलं, तर आमच्यात वडीलधारी माणसं घरातलं वाटून टाकतात. ते काळं त्यानेच धुऊन निघतं. डेल्मरला माती दिल्यावर आजीने वाटप केलं. पलंग, टेबल, खुर्च्या, भांडी, हिवाळाभर शिवलेल्या गोधड्या सगळं गेलं. शिलाई मशीन टेसला दिलं. माइकवर नाव पुकारणारा सांगत होता, "फिलोमीन हे आपल्या मुलाच्या वतीने देते आहे." टेसने रीतीप्रमाणे हात मिळवला, पण मान वर केली नाही. मला त्या वेळी कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

"फोटो घेतलेस ना?" रॉइस सूप पीत म्हणाला. "लकोटांचं दातृत्व, असं काहीतरी लिही. हॉल्वरसनलाही पाठव."

"लाज वाटते का रे, दादा?"

"वाटते. पण उन्हाळ्यात ठेका संपतोय आणि दुसरं कुणी इकडे यायला तयार नाही. मग काय, तू चालवणारेस अँब्युलन्स?"

मला त्याचा आणखीच राग आला. फोटो मी पाठवला.

तो बघून हॉल्वरसनला भरून आलं. मार्चमध्ये तो नव्या फर्निचरचा ट्रक आणि एक फोटोग्राफर घेऊन आला. आजीच्या घरात बसायला काहीच नव्हतं, म्हणून तो, रॉइस आणि मी जमिनीवर बसलो. आजीने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"आलास. वाळलास रे."

मग तिने दारातल्या हमालांना सांगितलं, "इथे नका उतरवू. टेसकडे न्या."

हॉल्वरसन माझ्याकडे बघून हसला. "काय बाई आहे!"

आजी त्याच्या समोर बसली. "आई मागते तेव्हा मुलगा नाही म्हणत नसतो. म्हणून मी आजवर काही मागितलं नाही. आता मागते. ती गाडी परत ओढ्यावर ठेव."

"माझ्या एकट्याच्या हातात असतं तर आजच ठेवली असती, आई. पण संचालक आहेत, हिशेब आहेत. विचार करू आम्ही."

आजी थांबली. आमच्यात माणसाला उत्तर द्यायला पुरेसा वेळ देतात. त्याने घड्याळात बघितलं.

तिने आमच्या भाषेत मला विचारलं, "विचार करू म्हणजे काय म्हणतोय तो?"

"नाही म्हणतोय, आजी."

ती उठली. खिडकीत शिवणाची कात्री होती ती घेतली, वेणी पुढे ओढली आणि कानाजवळून कापून टाकली. मग दुसरी कापली. घाई नाही, थरथर नाही. हॉल्वरसनचे डोळे भरून आले. त्याने फोटोग्राफरला खूण केली आणि मला हळूच विचारलं, "माझ्यासाठी केलं ना हे? याचा अर्थ काय?"

"फार मोठा मान आहे, साहेब," रॉइस घाईघाईने म्हणाला. "फार क्वचित..."

"त्यांनी मला विचारलंय, दादा." मी हॉल्वरसनकडे वळले. "आमच्यात पोर गेलं की आई केस कापते. तुमच्यासाठीच केलंय. तुम्ही वारलात."

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. आजी जमिनीवर बसली आणि गळा काढून रडायला लागली. ते रडणं खरं होतं, मी तसं रडणं ऐकलेलं आहे. हॉल्वरसन हाताच्या अंतरावर बसून "आई, आई" म्हणत होता, आणि ती मेलेल्या मुलासाठी रडत होती.